विजेवर पोसलेली गाय

वयाच्या एक्कावन्नाव्या वर्षी मी सायकल घेतली, तेव्हा आमच्या आळीत दोन दिवस दुसरा विषय नव्हता. “परवापर्यंत गुडघे दुखतात म्हणत होतीस, आणि आता सायकल?” शेजारच्या वहिनी म्हणाल्या. त्यांचंही खरं होतं. रत्नागिरीत सायकल म्हणजे जाताना वाऱ्यासारखं खाली उतरायचं आणि येताना सायकलीलाच हाताला धरून घरी आणायचं! आम्ही राहतो वर, मारुती मंदिराजवळ. माझं माहेर मांडवीला, अगदी खाली समुद्रापाशी. पण ही सायकल साधी नव्हती, बॅटरीची होती.

हौस म्हणून घेतली नव्हती, हं! आई मांडवीच्या घरात एकटी राहते. वय एकोणऐंशी. भाऊ डोंबिवलीला. गेल्या वर्षी फेब्रुवारीत तिच्या उजव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी दिवसातून चार वेळा थेंब घालायला सांगितले. आईचा हात थरथरतो, त्यामुळे थेंब डोळ्यात कमी नि गालावर जास्त. माझ्याकडे ये म्हटलं, तर म्हणाली, “लेकीकडे किती दिवस राहायचं गो? माझ्या तुळशीला पाणी कोण घालणार?” भावाचं म्हणणं, घराला कुलूप लावून तिला डोंबिवलीला न्यावं. आईला तेही नको होतं.

सकाळचा थेंब हे कचेरीत जाता जाता घालू लागले. रात्रीचा शेजारची कॉलेजात जाणारी मुलगी घाली. राहिले मधले दोन, ते माझे. स्कूटर ह्यांच्याबरोबर जाते, आणि मला ती येतही नाही. रोज दोनदा रिक्षाने जायचं-यायचं म्हणजे चार वेळा भाडं. आठवड्याचा हिशेब मांडला आणि मीच दचकले. तेव्हा मुलानं ही सायकल सुचवली.

मला वाटलं, काहीतरी नवीन खूळ असेल. पण १८९५ साली अमेरिकेत ऑग्डेन बोल्टन नावाच्या माणसानं मागच्या चाकात मोटर असलेल्या सायकलीचं पेटंट घेतलं होतं म्हणे. म्हणजे आमच्या टिळक आळीत जन्मलेल्या लोकमान्यांनी १८९३ मध्ये सार्वजनिक गणेशोत्सवाला चालना दिली, त्यानंतर दोनच वर्षांनी! माझ्याही सायकलीची मोटर मागच्या चाकातच आहे.

आणखी एक सोय म्हणजे परवान्याची भानगड नाही. मोटर २५० वॉटच्या आतली, वेग ताशी २५ किलोमीटरच्या आत आणि बॅटरी सोडून वजन ६० किलोच्या आत असेल, तर लायसन्सही लागत नाही नि नोंदणीही. घेताना हे आकडे मात्र कागदावर बघून घ्यावेत.

आता २५० वॉट म्हणजे किती? आपला मिक्सर पाचशे ते साडेसातशे वॉटचा असतो. म्हणजे ही मोटर मिक्सरच्याही निम्म्या ताकदीची. नुसतं बसून राहिलं तर ती आपल्याला चढावर काय नेणार? पायडल मारायचंच. मोटरचं वागणं समजूतदार जावेसारखं असतं. आपण कामाला हात लावला की तीही लावते. चढ सुरू होण्याआधीच हलका गिअर टाकायचा. अर्ध्या चढावर अडकल्यावर गिअर बदलायला गेलं की साखळी कुरकुरते.

पहिल्या दिवशी माझी चांगलीच फजिती झाली. एक पाय जमिनीवर नि दुसरा पायडलवर ठेवून उभी होते. पायडलवर जरा भार पडला मात्र, सायकल मला घेऊन सुटली! समोर केळीवाल्याची गाडी. नशीब, ब्रेक दाबला गेला. ब्रेक दाबला की मोटर आपोआप बंद होते. तेव्हापासून थांबले की ब्रेक दाबून ठेवते आणि सायकल हातानं न्यायची असेल तर आधी बटण बंद करते. साडी नेसून बसायचं असेल तर साखळीला झाकण असलेलीच सायकल घ्यावी, पदर कमरेला घट्ट खोचावा आणि निऱ्यांना पिन लावावी. हेल्मेटनं अंबाडा विसकटतो, पण डोकं शाबूत राहतं.

आईनं सायकल पाहिली, चार्जर पाहिला आणि म्हणाली, “म्हणजे गायच की गो ही! बांधायची, वैरण घालायची, पाणी पाजायचं.” तेव्हापासून सायकलीचं नाव गाय पडलं. थेंब संपले, डोळा लख्ख झाला. सगळं छान चाललं होतं.

मग पाऊस लागला. आपल्याकडचा पाऊस तुम्हांला काय सांगू! जुलैत मी गायीला पडवीत बांधलं. शेवटच्या फेरीला बॅटरी पार उतरली होती. आता कुठे जायचंय, म्हणून ती तशीच काढून माळ्यावर टाकली. पुढे गणपती आले, मोदकांच्या ऑर्डरी आल्या, नवरात्र झालं. ऑक्टोबरात आईच्या डाव्या डोळ्याचं ऑपरेशन ठरलं, तेव्हा कुठे मला बॅटरीची आठवण झाली.

चार्जर लावला. एरवी दिवा लाल होतो आणि भरली की हिरवा. त्या दिवशी तो हिरवाच राहिला. मला वाटलं, भरलेलीच आहे! दुसऱ्या दिवशी दुपारी निघाले तर बटणच लागेना. दुरुस्तीवाल्यानं तपासून सांगितलं, “काकू, ही गेली. तीन महिने उपाशी ठेवलीत तिला.” ह्या बॅटऱ्या वापरल्या नाहीत तरी आतल्या आत थोड्या थोड्या उतरत राहतात. आधीच रिकामी असेल तर एका मर्यादेखाली जाते आणि आतलं संरक्षण चार्ज घेणंच बंद करतं. तिला जबरदस्तीनं चार्ज करायला जाणं धोक्याचं. नव्या बॅटरीची किंमत बारा हजार रुपये!

चार दिवस रिक्षानं गेले. एकदा रिक्षा मिळाली नाही, तर भर उन्हात पायी चढून आले. दुपारचा थेंब एकदा दीड तास उशिरा पडला. त्याच संध्याकाळी भावाचा फोन आला. “ताई, एका डब्यावर आईची सोय अवलंबून ठेवायची का? दिवाळीत मी तिला घेऊन जातो.” मला उत्तर सुचेना. चूक बॅटरीची नव्हती, माझी होती. मोदकांचे साठवलेले पैसे पिठाच्या डब्यातून काढले आणि नवी बॅटरी आणली. ह्यांनी देऊ केले होते, पण मी घेतले नाहीत.

तेव्हापासून गायीचं सगळं मी स्वतः बघते. बॅटरी कधी पूर्ण उतरू देत नाही. दोन काड्या उरल्या की चार्जिंगला लावते. कधी लाईट जाईल ह्याचा आपल्याकडे भरवसा कुठे असतो? काही आठवडे वापरायची नसेल तर साधारण निम्मी भरून, कोरड्या नि थंड जागी ठेवते आणि महिन्यातून एकदा बघते. कॅलेंडरवर संकष्टीला खूण केली आहे, म्हणजे विसर पडत नाही. उन्हातून आल्याबरोबर चार्जिंगला लावत नाही. अर्धा तास निवू देते. चार्जर तिचा तिचाच वापरते. बॅटरी लादीवर ठेवते. गादीवर, पडद्याजवळ किंवा बाहेर पडायच्या दारात कधीही नाही. रात्री सगळे झोपल्यावर तर नाहीच. बॅटरी फुगली, तडकली किंवा उंचावरून पडली, तर चार्ज न करता जाणकाराला दाखवावी. विजेचा खर्च विचाराल, तर माझी बॅटरी ३६ व्होल्ट नि १० अँपिअर-तासाची आहे. गुणाकार केला की होतात ३६० वॉट-तास. एकदा भरायला अर्धा युनिट धरा. दुकानात चाळीस किलोमीटर सांगितले होते, पण आमच्या चढावर पंचवीसच धरून चालते.

खाऱ्या हवेत आपली विळी कशी गंजते, ते ठाऊक आहेच. साखळीचंही तसंच. आठवड्यातून एकदा कोरड्या फडक्यानं पुसून सायकलीच्या तेलाचे थेंब सोडावेत आणि जादा तेल टिपून घ्यावं. मी पहिल्यांदा घरातलं खोबरेल घातलं होतं. त्याच्यावर लाल धूळ बसून असा काही चिकटा झाला की विचारू नका! धुताना पाइपचा फवारा मारायचा नाही. बॅटरी काढून ओल्या फडक्यानं पुसायचं आणि बॅटरी जिथे बसते तिथल्या पितळी टोकांना पाणी लागू द्यायचं नाही. पावसाच्या सरीनं काही होत नाही, पण चाकाच्या मध्यापर्यंत पाणी साचलं असेल तर उतरून दुसरा रस्ता धरावा. वजन जास्त म्हणून ब्रेकही लवकर झिजतात. ओल्या उतारावर दोन्ही ब्रेक वरपासूनच हलके हलके दाबत यावं.

चाकातल्या हवेचा आकडा टायरवरच छापलेला असतो. मागचं चाक पंक्चर झालं की पंक्चरवाले वायर बघून घाबरतात. त्यांना सांगावं, चाक काढू नका, टायर एका बाजूनं उचकटून ट्यूब बाहेर ओढा आणि भोक बुजवा. आमच्या नाक्यावरच्या भाऊंना मी हे सांगितलं, तेव्हा ते म्हणाले, “वहिनी, आता तुम्हीच टाका दुकान!”

डाव्या डोळ्याचे थेंब संपले. दिवाळीत भाऊ आला, फराळ करून एकटाच परत गेला. निघताना त्यानं पुन्हा विषय काढला, तेव्हा आई तुळशीला पाणी घालत होती. मागे वळूनही न बघता म्हणाली, “मी कुठे येऊ रे? गोठ्यात गाय आहे माझी.”

अजूनही मी संध्याकाळी निघाले की ती दारातून विचारते, “घरी गेल्यावर पाणी पाजशील ना गो तिला?”

“पाजते हो आई,” म्हणते नि पदर खोचून चढाला लागते.