खुळखुळता चेंडू
गुडघ्याच्या ऑपरेशननंतर गॅलरीत बसून समोरच्या प्राथमिक शाळेचा खेळाचा तास बघत असते. खेळावंसं वाटत नाही, पण कुणीतरी आपल्याला संघात घ्यावं असं या वयातही वाटतं, याचं नवल वाटतं.

खाली एका मुलाला नीट दिसत नाही. म्हणून बाईंनी आज अंधांच्या क्रिकेटमध्ये असतो तसा खुळखुळता चेंडू आणलाय. डोळ्यांना पट्ट्या मात्र सगळ्यांच्याच. आवाज ऐकायला अख्खं मैदान गप्प! (खेळाच्या तासाला, बरं का.)

आमच्या वेळी असं पोर लिंबूटिंबू तरी असे, नाहीतर चपला सांभाळत बसे. त्याला काय वाटायचं, कोण जाणे.

२०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात मान्यताप्राप्त शाळांमध्ये शिक्षणाबरोबर खेळाचीही समान संधी सांगितली आहे. आपल्या मुलांच्या शाळेत ती मिळते का, एकदा विचारून बघा.