वाटीचे वजन

आमच्या सासूबाईंची पाककृतींची वही ज्या काळात लिहिली गेली, त्या काळात धान्य मापाने आणि साखर, गूळ, खसखस हे जिन्नस वजनाने घेण्याचा प्रघात होता. त्यामुळे तिच्या आरंभीच्या पानांवर पायली, मापटे, चिपटे यांच्या शेजारीच पावशेर आणि अदपाव नांदतात, आणि पुढे पुढे नुसती ‘वाटी’ येते. 1956 साली वजनमापांचा कायदा झाला, 1958 च्या ऑक्टोबरपासून दशमान वजने अमलात येऊ लागली, तरी बाजाराच्या बोलीत पावशेर टिकला तो पाव किलो होऊन. 80 तोळ्यांच्या शेराचा पावशेर मात्र सुमारे 233 ग्रॅमच भरतो, आणि जुन्या पानांचा हिशेब करताना ही तफावत ध्यानी धरावी लागते.

दिवाळीच्या तयारीत सूनबाईने ती वही उघडली आणि विचारले, “आई, यातली वाटी म्हणजे नेमकी कोणती?” प्रश्न अत्यंत रास्त होता. सासूबाईंची कल्हईची पितळी वाटी सुदैवाने अद्याप वापरात आहे. ती काठोकाठ पाण्याने भरून काट्यावर ठेवली, तेव्हा वाटीचे वजन वजा जाता 150 ग्रॅम पाणी भरले, आणि त्या आधारावर आम्ही दोघींनी वहीची कलमवार रुजुवात आरंभली.

साखर सुमारे 125 ग्रॅम, तांदूळही जवळपास तितकेच, पातळ केलेले तूप 136. येथवर काही अडले नाही. खरा पेच बेसनाचा. चाळलेले पीठ चमच्याने हलकेच भरून वर सुरी फिरवली तर वाटीत 70 ग्रॅम बसले, आणि तीच वाटी डब्यात खुपसून दाबून भरली तर 95. वहीत बेसनाच्या लाडवांना तुपाचे माप ठरलेले आहे. हलक्या हाताने भरलेल्या वाट्या घेतल्या तर ते तूप बेसनाला जास्त होऊन लाडू बसका होतो. सासूबाई वाटी डब्यात बुडवून तळहाताने सपाट करीत, हे मी कितीदा तरी जवळून पाहिले होते. म्हणून त्यांच्याच रीतीने भरून तोललेला आकडा आम्ही ग्राह्य धरला. किसलेला गूळ आणि ओले खोबरे यांचीही हीच कथा. दाबणाऱ्या हाताप्रमाणे त्यांचे वजन बदलते.

चकलीच्या भाजणीने मात्र मला विशेष आनंद दिला. तांदूळ, चण्याची डाळ, उडीद, मूग यांचे वाटीभर वजन एकमेकांच्या इतके निकट असते, की मापाने घेतलेले प्रमाण आणि वजनाने घेतलेले प्रमाण व्यवहारतः एकच ठरते, आणि पिढ्यान्‌पिढ्या मापट्यांनी केलेली भाजणी का बिघडली नाही याचा उलगडा होतो. त्याच भाजणीतले धणे मात्र तांदळाच्या निम्म्याहूनही हलके भरतात. म्हणून त्यांचा आकडा स्वतंत्र तोलूनच लिहिला पाहिजे.

कमलाबाई ओगले यांच्या ‘रुचिरा’ने 1970 पासून वाटी-चमच्याचे प्रमाण घरोघरी पोचवले, त्याचे मोल मी कमी लेखीत नाही, सर्व जिन्नस एकाच वाटीने मोजले, तर वाटी लहान असो वा मोठी, त्यांचे परस्परप्रमाण राहते. परंतु साखर वजनाने आणि पीठ वाटीने घेतले, की तो आधार सुटतो. तयार कोष्टकावरही मी विसंबणार नाही, कारण कोष्टक करणाऱ्याची वाटी आणि त्याचा हात आपल्या घरचे नसतात. पीठ भिजवण्याचे पाणी आम्ही ‘लागेल तसे’च ठेवले, ते पिठावर अवलंबून असते, आणि तेथे आकडा लिहिणे म्हणजे वाचणारीची दिशाभूल करणे होय.

ज्यांच्या घरी अशी वही आहे त्यांना माझी कळकळीची विनंती आहे, की ती लिहिणारी व्यक्ती हयात आहे तोवर तिच्याच हाताने वाटी भरून घ्यावी, ती तोलावी, आणि तो आकडा वहीच्या पहिल्या पानावर शाईने नोंदवून ठेवावा.