थंडीतला जांभळा मका

निफाडचा डिसेंबर. पारा घसरला की इथे सगळा जीव द्राक्षांत अडकलेला असतो. मी मात्र सकाळभर रब्बी मक्यात उभा होतो. वीतभर रोपं आणि खालच्या पानांच्या कडा गडद जांभळ्या. ही स्फुरदाची कमतरता. पण माती परीक्षणाचा अहवाल म्हणतो, स्फुरद भरपूर!

अडतंय ते मुळाशी. स्फुरद मातीत जागचा फारसा हलत नाही, मुळालाच वाढत वाढत त्याच्यापर्यंत जावं लागतं. माती १५ अंशांच्या खाली गेली की मुळांची वाढ खुंटते, श्वसन मंदावतं आणि अन्नद्रव्यं आत ओढायला लागणारी ऊर्जाच कमी पडते. अमोनियमचं नायट्रेट करणारे जिवाणूही गारठतात. ताट वाढलेलं असतं, हात आखडलेले असतात.

अशा वेळी घाबरून डीएपीची आणखी एक गोणी ओतणं मला अजिबात पटत नाही. खर्च वाढतो, पान जांभळंच राहतं. त्यापेक्षा विहिरीचं ऊबदार पाणी पहाटे हलकं द्यावं आणि थर्मामीटर मातीत चार बोटं खुपसून रोज बघावा. आज १४ दाखवला. पुढच्या वर्षी पेरणी ऑक्टोबरातच उरकायची, म्हणजे कडाक्याआधी मुळं खोल गेलेली असतील.