आधी बुश, मग रंग

चि. मुक्ता,


अण्णांची फियाट बेळगावहून ट्रकवर चढून बंगळुरात तुझ्या दारी पोचली, हे ताईकडून कळलं. तू रंगवाल्याशी बोलणी सुरू केलीस, हेही तिनेच सांगितलं. मूळ रंगाचा नंबर, बंपरचं क्रोम, सीटकव्हरचं कापड अशी तुझी यादी तिने मला फोनवर वाचून दाखवली. यादी छान आहे. पण तिच्या शेवटी तू जे लिहिलंयस, ‘गाडी जरा डुलते आणि खालून खडखडते, पण जुनी आहे, चालायचंच’, त्या ओळीसाठी हे पत्र. रंगाचा ॲडव्हान्स अजून दिला नसशील, तर देऊ नकोस.

डुलणं हा या गाडीचा स्वभाव नाही. इटलीत १९५३ साली फियाट ११०० चं हे घराणं नव्या बांधणीने सुरू झालं, तेव्हापासून तिची पुढची दोन्ही चाकं स्वतंत्र आहेत. दोन आर्म, मधे कॉइल स्प्रिंग. एक चाक खड्ड्यात गेलं तरी दुसऱ्याला त्याची झळ कमी. मागे अखंड ॲक्सल आणि पाटे. वालचंद हिराचंदांच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सने कुर्ल्याच्या कारखान्यात १९६४ पासून ‘डिलाइट’ काढली आणि १९७४ मध्ये तिचंच नाव ‘पद्मिनी’ झालं. १०८९ सीसीचं इंजिन, स्टिअरिंगखाली गिअरचा दांडा. आपल्याकडे मात्र तिला शेवटपर्यंत सगळे फियाटच म्हणत राहिले. अण्णांचा नंबर लागला १९८४ मध्ये. मारुती नुकतीच आली होती, बुकिंग रद्द करा म्हणून सगळ्यांनी सांगून पाहिलं. अण्णांचं म्हणणं एकच: खानापूरच्या रस्त्याला ही गाडी बरी. आणि ती होतीही.

मग बिघडलं काय? काहीच एका दिवशी बिघडलं नाही, हीच अडचण आहे. बल्ब गेला की कळतं, टायर बसला की कळतं. आर्मचा रबरी बुश तसा जात नाही. वर्षानुवर्षं ऊन, ऑइल आणि धूळ खाऊन रबर आधी कडक होतं, मग तडकतं, मग आतली लोखंडी नळी एका बाजूला सरकते. हे इतकं सावकाश होतं की चालवणाऱ्याचा हातच गाडीप्रमाणे बदलत जातो. शेवटच्या काही वर्षांत अण्णा सरळ रस्त्यावरही स्टिअरिंग किंचित उजवीकडे धरून चालवायचे. विचारलं तर म्हणायचे, ‘अगदी सरळ चालते गाडी.’ चालायचीच, कारण ते चालवत होते. तुझा हात नवा आहे, म्हणून तुला डुलणं जाणवलं. आणखी सहा महिने अशीच चालवलीस, तर तुलाही जाणवणार नाही. म्हणून म्हणतो, घाई कर.

तपासणी तुझी तू करू शकतेस. पुढच्या मडगार्डवर दोन्ही हातांनी जोर देऊन सोड. गाडी वर येऊन तिथेच थांबली पाहिजे. खालीवर होत राहिली तर शॉकअप गेले. मग चाक जॅकवर उचल, खाली स्टँड लाव आणि चाक वरून-खालून धरून हलव. प्ले, म्हणजे ढिलेपणा, लागला, तर कुणाला तरी ब्रेक दाबून धरायला सांग. ब्रेक दाबल्यावर प्ले गेला तर तो व्हील बेअरिंगचा, राहिला तर बहुधा किंगपिनचा. डाव्या-उजव्या बाजूने धरून हलवल्यावर खटखट आली, तर टायरॉड एंड बघ. शेवटी टायरवर तळहात फिरव. एकच कड घासली असेल तर चाकाचा कोन चुकलाय. जागोजागी खळगे पडले असतील तर शॉकअपवर संशय घ्यायचा.

सामानासाठी टाउन हॉलपासून मिनर्व्हा सर्कलपर्यंतचा जे. सी. रोड आहेच. तिथे न मिळालेली वस्तू शिवाजीनगरच्या गुजरीत निघते. पण एक लक्षात घे. मुंबईच्या काळ्यापिवळ्या पद्मिनी टॅक्सी रस्त्यावर होत्या तोवर या गाडीचे बुश, किंगपिन, पाटे सतत खपत होते, म्हणून बनतही होते. ताडदेव आरटीओत शेवटच्या पद्मिनी टॅक्सीची नोंद २९ ऑक्टोबर २००३ ची. वीस वर्षांची मुदत संपली आणि २०२३ च्या ऑक्टोबरअखेर तीही उतरली. आता गिऱ्हाईक म्हणजे तुझ्यासारखे हौशी. त्यामुळे दुकानदार दोन तऱ्हेचा माल पुढे करेल: वर्षानुवर्षं खोक्यात पडून राहिलेला जुना कंपनीचा आणि नवा नकली. जुन्यावर भाळू नकोस. रबर गाडीला न लागताही म्हातारं होतं. नखाने दाबून बघ, किंचित वाकवून बघ, बारीक चिरा दिसल्या तर खोकं कितीही देखणं असो, परत दे. नव्या मालात नळीची लांबी आणि बाहेरचा व्यास जुन्या बुशशी ताडून घे. पॉलियुरेथेनचे रंगीत बुश घे असा सल्लाही मिळेल. ते टिकतात, पण कडक असतात. रस्त्याची बारीक थरथर थेट आत येते. शर्यतीला जायचं नसेल तर रबरच घे.

माझ्या ओळखीच्या उस्तादांकडे गाडी सोड. तू रंगाचं विचारलंस की ते म्हणतील, ‘पेंट-वेंट अब्बी नक्को, मॅडम.’ त्यांचं ऐक, आणि शेजारी उभी राहा. दाबलेली कॉइल स्प्रिंग कॉम्प्रेसर न लावता कुणी सोडायला लागलं तर तिथून लांब हो आणि त्यालाही थांबव. ती सुटली तर हात मोडेल. बुश हातोडीने ठोकून बसवायचे नाहीत, प्रेसवर बसवायचे. आर्मच्या बुडाशी शिमच्या चकत्या निघाल्या तर डाव्या-उजव्या वेगळ्या पुड्यांत ठेव आणि वर लिहून ठेव. किंगपिनचा नवा बुश रीमरने पिनेच्या मापाला आणावा लागतो. पिन हाताने फिरावी, पण हलू नये. आणि जे बदलशील ते जोडीने बदल. एका बाजूचा शॉकअप नवा आणि दुसरा जुना म्हणजे गाडी ब्रेकला एकीकडे झुकणार.

सगळ्यात महत्त्वाचं सांगतो, कारण चांगले हातही इथे घाई करतात. या बुशमध्ये आर्म गुळगुळीत फिरत नाही. मधलं रबर पीळ खातं आणि परत येतं. चाकं हवेत लोंबत असताना नट आवळला तर रबर त्याच अवस्थेत पकडलं जातं. गाडी खाली टेकली की ते कायमचं पिळलेलं, आणि थोड्याच महिन्यांत फाटलेलं. म्हणून आधी नट नुसते लावायचे, गाडी चाकांवर उतरवायची, चारदा खालीवर दाबून बसू द्यायची आणि मग शेवटचं आवळायचं. मागच्या पाट्यांच्या शॅकलबुशलाही हाच नियम. पाटे बसले असतील तर कमान मारून मिळते, पण थकलेलं पोलाद पुन्हा बसतं. एखादं पान तडकलेलं दिसलं तर ते बदलायचंच. हे सगळं उरकल्यावर अलाइनमेंट, आधी नाही. आणि काही आठवडे चालवून झाल्यावर सगळे नट पुन्हा एकदा.

यात पैसा सामानापेक्षा मजुरीला जास्त जाईल, आणि काम झाल्यावर फोटोत काही दिसणार नाही. कायद्याने ‘व्हिंटेज’ म्हणवून घ्यायला पन्नास वर्षं लागतात; १९८४ ची गाडी अजून त्यात बसत नाही. म्हणजे तुला दर पाच वर्षांनी साध्या गाडीसारखंच पासिंग करून घ्यायचं आहे, आणि रस्त्यावर तिला इतरांसारखंच वेळेत थांबायचं आहे. चारही चाकांना ड्रम ब्रेक. टायर रस्ता धरून राहिला तरच त्यांचा उपयोग, आणि टायरला रस्त्यावर दाबून ठेवतात ते हेच सगळे न दिसणारे भाग. इथल्या न रंगवलेल्या हंपवर, पावसाने उखडलेल्या कडेवर तुला त्याचीच गरज पडणार आहे. रंगाची नाही.

काम झाल्यावर ती आजच्या गाड्यांसारखी घट्ट वाटेल अशी अपेक्षा ठेवू नकोस. वळणावर ती थोडी कलणारच, तेवढं तिचं आहे. पण कलून ती तुझ्या हाताबरोबर परत आली पाहिजे, स्वतःच्या सवडीने नाही.

आणि काढलेले बुश, पिना, झिजलेले एंड भंगारात देऊ देऊ नकोस. पुसून, कुठून काढले त्याची चिठ्ठी लावून डब्यात भरून ठेव. पुढच्या खेपेला जे. सी. रोडवर हे सामान मिळेलच याची खात्री नाही. तेव्हा पीण्या भागातल्या कुठल्यातरी लेथवाल्यापुढे तुला काहीतरी ठेवावं लागेल, आणि ड्रॉइंग तुझ्याकडे नाही. झिजलेला तुकडा हेच ड्रॉइंग. त्याची न झिजलेली बाजू मोजायची आणि नवा काढून घ्यायचा.

ताईला नमस्कार सांग. रंगाचं पुढच्या वर्षी बघू.

तुझा,
मामा