प्रत चालू आहे, पण कधीपर्यंतची?

लिनक्सच्या काळ्या पडद्यावर एक जुनी गंमत आहे. एखादी प्रक्रिया चालू आहे का हे बघायला आपण ‘पीएस’ ही आज्ञा देतो, तिचं उत्तर ‘ग्रेप’कडे सोपवतो आणि हवा तो शब्द शोधायला सांगतो. उत्तरात एक ओळ हमखास येते. नीट वाचली तर कळतं की ती ओळ आपल्या शोधण्याचीच आहे. रिकाम्या घरात कुणी आहे का म्हणून हाक मारावी आणि आपलाच आवाज ऐकू यावा, तसं.

गेल्या जुलैत गावच्या जमातीतल्या एका मुलाने हीच ओळ मला फोनवर वाचून दाखवली. “भाई, चालू आहे. एक ओळ आली.”

मी विचारलं, “पाठवण्याचं काम रात्री दोनला असतं. आता दुपारचे बारा वाजलेत. मग ते चालू कसं?” पोरगा हुशार. गप्प झाला, आणि मग हसला.

थोडं मागचं सांगायला हवं. २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचं पाणी चिपळूणमध्ये शिरलं, तेव्हा जमातीची दप्तरंही भिजली. निकाहच्या नोंदी, कब्रस्तानची वही, जमिनीचे जुने करार. वह्या वाळवल्या, पण पानं एकमेकांना चिकटून बसली होती. तेव्हापासून ती एकेक सोडवून स्कॅन करण्याचं काम चाललंय. काही पानं स्कॅनरखालून निघतानाच तुकडे होऊन येतात. म्हणजे त्या क्षणानंतर ते पान फक्त डिस्कवर उरतं. आपल्या समाजात कागदाची धास्ती किती आहे, हे या ब्लॉगच्या वाचकांना वेगळं सांगायला नको. आजोबांच्या नावातलं एक अक्षर इकडचं तिकडे झालं, तर नातवाला दहा खिडक्या फिराव्या लागतात.

म्हणून दोन मशीन. एक जमातीच्या कार्यालयात वरच्या मजल्यावर, दुसरं पनवेलला आमच्या मामूंच्या दुकानात. दोन्हींवर झेडएफएस. सन मायक्रोसिस्टिम्समध्ये जेफ बॉनविक आणि मॅथ्यू आरेन्स यांनी २००१ मध्ये हिचं काम सुरू केलं. माझा पोटापाण्याचा धंदाच साठवणुकीचे सर्व्हर सांभाळण्याचा, आणि मला ही फाइलसिस्टीम आवडते, कारण ती डिस्कच्या शब्दावर विश्वास ठेवत नाही. प्रत्येक तुकड्याची पडताळणी-बेरीज ती वेगळ्या जागी ठेवते आणि वाचताना ताडून बघते. रोज रात्री गावच्या मशीनवर स्नॅपशॉट, म्हणजे त्या क्षणाचं चित्र, घेतलं जातं आणि कालच्या चित्रापासून आजच्यापर्यंत जे बदललं तेवढंच पनवेलला जातं. ही मांडणी एका तंत्रज्ञाने करून दिली होती. देखभाल माझ्याकडे त्याच आठवड्यात आली, आणि पहिली तपासणी म्हणून मी त्या मुलाला फोन लावला होता.

प्रक्रिया दिसणं न दिसणं हा मुळात प्रश्नच नव्हता. विचारायचं होतं ते हे: पलीकडे पोहोचलेलं शेवटचं चित्र कधीचं? ‘झेडएफएस लिस्ट’ला स्नॅपशॉट दाखवायला सांगितलं, दोन्हीकडे. गावची यादी १९ जुलैला संपत होती. पनवेलची ८ जुलैला.

अकरा दिवस! आणि या काळात एका खालांच्या निकाहचं पान स्कॅन झालं होतं. नवरा वारला, कुटुंब निवृत्तिवेतनासाठी लग्नाचा पुरावा हवा, वहीतलं ते पान आता लगदा. ती नोंद त्या घडीला जगात एकाच जागी होती. बाहेर कोकणातला पाऊस आणि येणारी-जाणारी लाईट.

पाठवण्याची आज्ञा हाताने दिल्यावर कारण लगेच पडद्यावर आलं: शेवटच्या चित्रानंतर पलीकडचा साठा बदललेला आहे, म्हणून वाढीव भाग घेता येत नाही. कुणी बदलला? मामूंच्या मुलाने आपल्या आजोबांच्या निकाहची नोंद बघायला फोल्डर उघडला होता. एवढंच. फाइल नुसती वाचली तरी ‘शेवटची कधी वाचली’ ही वेळ नोंदली जाते, आणि झेडएफएसच्या लेखी तो बदलच. साठा ‘फक्त वाचण्यासाठी’ ठेवलेला असता तर हे झालं नसतं. बरं, नकार रोज येतच होता, पण त्या स्क्रिप्टने सगळे संदेश ‘डेव्ह-नल’मध्ये, म्हणजे बिनबुडाच्या विहिरीत, सोडले होते.

हे मोठ्यांकडेही होतं. ३१ जानेवारी २०१७ ला गिटलॅबमध्ये प्रतीचं गाडं अडकलं, ते सोडवताना एका अभियंत्याने चुकून मूळ डेटाबेसचंच फोल्डर उडवलं. बॅकअपकडे वळले तर तो आवृत्तीच्या फरकामुळे होतच नव्हता, आणि अपयशाच्या ईमेल मध्येच नाकारल्या जात होत्या. जवळजवळ सहा तासांचा डेटा गेला. गिटलॅबने हे सगळं जाहीर लिहून ठेवलं, त्याबद्दल मला त्यांचा आदर वाटतो.

तरावीहमध्ये इमामांच्या मागे दुसरे हाफिज उभे असतात. आयत अडली की ते लुकमा देतात. दोघांनाही कुराण पाठ आहे, हे सगळ्यांना माहीत असतं. तरी दरवर्षी ते मोठ्याने, शब्दाला शब्द लावून ऐकलं जातं. मला प्रतीची तपासणी समजावायची असते तेव्हा मी हेच सांगतो. मुलांना पटकन कळतं.

आता घाई वेगळीच होती. गावचं मशीन चौदा दिवसांपेक्षा जुनी चित्रं पुसतं. दोन्हीकडे सामाईक असलेलं ८ जुलैचं चित्र आणखी तीन दिवसांनी गेलं असतं, आणि मग वाढीव पाठवायला धागाच उरला नसता. सगळे चारशे जीबी नव्याने. गावच्या इंटरनेटवर सलग लाईट राहिली तरी चार दिवस. मध्येच तुटलं आणि पुढून जोडण्याची सोय नसेल, तर पुन्हा पहिल्यापासून.

पनवेलचा साठा ८ तारखेच्या चित्रावर मागे नेला. ‘रोलबॅक’ नंतरचं सगळं टाकून देतं, त्यामुळे आधी तिथे कुणी नवीन काही ठेवलेलं नाही ना, हे मामूंना दोनदा विचारलं. मग पाठवणं सुरू. नऊ जीबी, अडीच तास. मगरिबच्या सुमारास दोन्ही याद्या एका तारखेला आल्या. साठा लगेच फक्त-वाचण्यासाठी केला. ‘झेडपूल स्टेटस’मध्ये स्क्रबची तारीख बघितली, चूक शून्य होती.

आता रोज फजरनंतर जमातीच्या दोघांना आणि मला एक संदेश येतो: पनवेलचं शेवटचं चित्र किती तासांपूर्वीचं. तीसपेक्षा जास्त आकडा दिसला की फोन करायचा. संदेश आलाच नाही, तरीही करायचा. मुलगा आता ती ‘ग्रेप’ची ओळ दुसऱ्यांना दाखवून त्यांची फजिती करतो.

खालांच्या नोंदीची छापील प्रत जमातीच्या शिक्क्यासह त्यांच्या लेकाने नेली. कब्रस्तानच्या वहीची साधारण साठ पानं अजून सोडवायची आहेत.