भिडेखातर कुणी बसत नाही

सभागृहातल्या व्याख्यानाचं यश सांगताना आम्ही वक्ते एक गोष्ट सोयीस्करपणे बाजूला ठेवतो. समोर बसलेल्यांपैकी कितीतरी लोक भिडेखातर बसलेले असतात. रांगेच्या मध्यात सापडलेल्या माणसाला उठायचं झालं तर शेजाऱ्यांचे गुडघे चुकवत बाहेर पडावं लागतं. आयोजक ओळखीचे असतात, वक्ता बघतोय असंही वाटत असतं, म्हणून तो बसून राहतो आणि शेवटी टाळ्याही वाजवतो. न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांनी १८७५मध्ये पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू केली. तेव्हापासूनच्या मोठ्या परंपरेनं मराठी श्रोत्याला शांतपणे ऐकून घेण्याची शिस्त लावली, हे खरंच. पण त्याच शिस्तीनं वक्त्याला श्रोता गृहीत धरायची सवयही लावली. २०२०च्या टाळेबंदीत व्याख्यानं झूमवर आणि यूट्यूबवर गेली, आणि भीड नावाचा आमचा सगळ्यात भरवशाचा सहकारी एका दिवसात नाहीसा झाला. तिथे बाहेर पडायला अंगठ्याची एक हालचाल पुरते आणि कुणी गेलं तर कुणाला कळतही नाही. ऑनलाइन श्रोत्याचा मान राखायचा म्हणजे काय, याचा विचार मला इथूनच सुरू करावासा वाटतो. भिडेनं आजवर जे झाकून ठेवलं होतं, ते सगळं आता वक्त्यानं स्वतः भरून काढायला हवं.

भीड काय काय झाकत होती, ते आधी पाहू. दीपप्रज्वलन, शाल-श्रीफळ, पाहुण्यांचा लांबलेला परिचय, ‘तसं पाहिलं तर माझा या विषयाचा फारसा अभ्यास नाही’ असा खोटा विनय. सभागृहात यात सहज अर्धा तास जातो आणि लोक तेवढ्यात आपसांत चार गोष्टी बोलून घेतात. पडद्यासमोर एकट्या बसलेल्या माणसाला ती सोय नसते. शिवाय संध्याकाळी ७ची वेळ आपल्या सोयीची असली, तरी उन्हाळ्यात न्यू जर्सीत तेव्हा सकाळचे साडेनऊ वाजलेले असतात आणि दुबईत संध्याकाळचे साडेपाच. म्हणजे कुणी ऑफिसचं काम बाजूला सारून आलेलं आहे, कुणी गाडीत बसून ऐकतंय. अशांच्या माथी सत्कार मारणं मला उद्धटपणाचं वाटतं. सत्कार जरूर करावा, पण व्याख्यानानंतर, ज्यांना थांबायचं आहे त्यांच्यासमोर.

यापेक्षा जास्त मुरलेली खोड स्लाइडची आहे. मोडी लिपीवरचं व्याख्यान घ्या. मोडीत लेखक आधी शिरोरेषा ओढतो आणि मग तिच्याखाली शब्द न तोडता, शक्य तितका हात न उचलता लिहीत जातो. विरामचिन्हं नसतात. असं अख्खं पत्र सभागृहातल्या मोठ्या पडद्यावर दाखवलं तर किमान त्याचा डौल तरी दिसतो. तेच पत्र हातातल्या मोबाइलवर गेलं की काळ्या मुंग्यांची रांग होते, आणि ‘इथे पाहा, तिसऱ्या ओळीत’ असं म्हणणाऱ्या वक्त्यानं श्रोत्याचा विचारच केलेला नाही हे उघड होतं. त्या एका ओळीचं कात्रण पडद्याच्या रुंदीभर दाखवावं, बाकीचं पत्र सोडून द्यावं. मग एकेका अक्षरगटाला वेगळा रंग देत, शब्द कुठे संपतो आणि पुढचा कुठे सुरू होतो ते सावकाश उलगडावं. एका ओळीला चार-पाच मिनिटं लागली तरी हरकत नाही. श्रोता ती ओळ स्वतः वाचायला लागतो, आणि माझ्या मते गुंतवणं म्हणतात ते हेच. सबंध तयारीचा अर्धा वेळ अशा कात्रणांत जातो, आणि जावाही.

यावर पहिला आक्षेप येतो तो असा, की एवढी यातायात करण्यापेक्षा सगळ्यांना कॅमेरा सुरू ठेवायला सांगा, चेहरे दिसले की आपोआप रंग चढतो. वक्त्याला चढतो, यात शंका नाही. पण स्टॅनफर्डच्या जेरेमी बेलेन्सन यांनी २०२१मध्ये व्हिडिओ बैठकांच्या थकव्याची जी संभाव्य कारणं मांडली, त्यांत अगदी जवळून सतत रोखलेल्या नजरा, स्वतःचाच चेहरा समोर दिसत राहणं आणि एका चौकटीत जखडून बसणं ही आहेत. म्हणजे आपल्याला दाद दिसावी म्हणून आपण श्रोत्याला थकवणार. डझनभर लोकांची कार्यशाळा असेल तर विनंती करावी, तिथे चेहऱ्यावरचा गोंधळ दिसणं कामाचं असतं. बाकी ठिकाणी कॅमेऱ्याची सक्ती म्हणजे गेलेली भीड मागच्या दारानं परत आणणं. कॅमेरा बंद ठेवून भाजी निवडत ऐकणारी बाई कदाचित सगळ्यात एकाग्र श्रोता असेल.

दुसरा आक्षेप जास्त वजनाचा आहे. लोकांना धरून ठेवायचं म्हणून सगळं छोटं आणि चटपटीत करत गेलं तर विषय उथळ होणार. इथे एक अभ्यास उपयोगी पडतो. फिलिप गुओ, जुहो किम आणि रॉब रुबिन यांनी २०१४मध्ये एडएक्सवरच्या अभ्यासक्रमांतली, चित्रफिती पाहण्याची ६९ लाख सत्रं तपासली. चित्रफीत कितीही लांब असो, विद्यार्थी मध्यमानानं जास्तीत जास्त सहा मिनिटं टिकत होते. हा आकडा पुढे करून पुष्कळांनी सगळं सहा मिनिटांत कोंबायचा सपाटा लावला. पण त्याच अभ्यासातलं दुसरं निरीक्षण मला जास्त बोलकं वाटतं. वर्गातली व्याख्यानं चित्रित करून नंतर त्यांचे तुकडे पाडले, तरी ती या माध्यमासाठी म्हणून तयार केलेल्या पाठांइतकी पकड घेत नव्हती. तेव्हा नुसत्या कात्रीनं भागत नाही, मांडणी मुळापासून या श्रोत्यासाठी करावी लागते. हे निष्कर्ष आधी चित्रित केलेल्या पाठांचे आहेत, थेट व्याख्यानाला ते जसेच्या तसे लावता येणार नाहीत, हेही खरं. तरी तासाभराच्या बोलण्यात दर सात-आठ मिनिटांनी एक विचार पुरा होऊन नवा सुरू व्हावा, म्हणजे मध्ये दार वाजलं म्हणून उठलेल्या माणसाला परत आल्यावर धागा सापडतो. यात उथळ काय आहे?

राहिला तो मध्येमध्ये प्रश्न विचारण्याचा भाग, ज्याला कित्येक जाणकार ‘खेळ’ म्हणून नाक मुरडतात. निरूपण ऐन भरात असताना कीर्तनकार थांबतो, श्रोत्यांकडून नामाचा गजर करवून घेतो आणि मग पुढे जातो. त्याला कुणी खेळ म्हणत नाही. गजर किती जोरात आला यावरून बुवांना मंडपाची नाडी कळते. झूमवर तो गजर करून पाहावा, आवाज मागेपुढे होऊन नुसता कल्ला होतो. म्हणून चॅटवर एका शब्दात उत्तर देता येईल असा प्रश्न विचारायचा, आणि खरी कसोटी त्यानंतर लागते, ती थांबण्याची. जपानी, डॅनिश, लाओ अशा १० भाषांतल्या संभाषणांचा एक अभ्यास २००९मध्ये प्रसिद्ध झाला. प्रश्न आणि उत्तर यांतलं अंतर त्यात सरासरी सुमारे ०.२ सेकंद निघालं. आपला कान या हिशेबावर पोसलेला. इकडे यूट्यूबच्या थेट प्रक्षेपणात आपला प्रश्नच श्रोत्याकडे सहज पंधरा-वीस सेकंद उशिरा पोचू शकतो, मग त्यानं विचार करायचा, टाइप करायचं. वक्ता तिसऱ्या सेकंदाला ‘बरं, मीच सांगतो’ म्हणून मोकळा होतो आणि उत्तरं येऊ लागतात तेव्हा तो दोन मुद्दे पुढे गेलेला असतो. असं दोनदा झालं की तिसऱ्यांदा कुणी लिहायच्या फंदात पडत नाही. यूट्यूबवर बोलत असाल तर प्रश्न टाकून दरम्यान एखादी पूरक गोष्ट सांगत राहावी आणि उत्तरं आली की परत यावं. आणि उत्तरांमुळे बोलणं वळलं पाहिजे. बहुतेकांनी ती मोडी ओळ बरोबर वाचली असेल तर पुढची सोपी ओळ गाळून अवघड ओळीकडे जावं. उत्तर काहीही आलं तरी ठरलेलंच बोलायचं असेल, तर प्रश्न विचारूच नये.

सगळी खटपट करूनही खाली दिसणारा श्रोत्यांचा आकडा ऐंशीवरून पंचावन्नावर येतोच. तो बघत बोलू नये, शक्य असेल तर झाकून ठेवावा. गेलेल्यांबद्दल ‘आजकाल लोकांना धीरच नाही’ असा शेरा तर अजिबात मारू नये, कारण तो ऐकायला फक्त थांबलेलेच असतात. ८ वाजता संपवायचं कबूल केलं असेल तर ८ला थांबावं. उरलेल्या शंकांसाठी खिडकी उघडी ठेवावी, आणि ज्याचा प्रश्न असेल त्याचं नाव घेऊन, प्रश्न पुरता वाचून मगच उत्तर द्यावं. नुसतं ऐकणाऱ्यांपुढे चॅट नसतं, आणि कुणाला तरी उत्तर मिळतंय पण कशाचं ते कळत नाही, अशी त्यांची पंचाईत होते.