उजवीकडची घड्याळे

‘ऐकू येते, पण कळत नाही’ अशी तक्रार घेऊन येणाऱ्या ज्येष्ठांना मी गेली अनेक वर्षे श्रवणचाचणीचा सल्ला देत आलो आहे. स्वतःची चाचणी करावी, असे मात्र मला कधी वाटले नाही. ते मला तारुण्यातल्या एका अल्बमने सुचवले.

‘पिंक फ्लॉइड’ या ब्रिटिश रॉक वाद्यवृंदाचा ‘द डार्क साइड ऑफ द मून’ १९७३ साली प्रसिद्ध झाला. वसतिगृहात आम्ही त्याची कॅसेट झिजेपर्यंत ऐकली. पन्नास वर्षांनी, २०२३ साली, तो ‘डॉल्बी ॲटमॉस’ पद्धतीने नव्याने सिद्ध झाला. मूळ ध्वनिमुद्रण तेच. मात्र आता स्वर समोरून, पाठीमागून, दोन्ही बाजूंनी आणि डोक्यावरूनही येतात. मुलाने घरी तशी यंत्रणा बसवली आणि मला मधोमध बसवले.

‘टाइम’ या गीताच्या आरंभी अनेक घड्याळे एकदम वाजू लागतात. ध्वनिमुद्रक ॲलन पार्सन्स यांनी ती एका जुन्या घड्याळांच्या दुकानात एकेक करून मुद्रित केली होती. मला उजवीकडची घड्याळे मंद वाटली. “तुझा उजवा स्पीकर बिघडला आहे,” मी म्हणालो. मुलाने मला उलट दिशेला तोंड करून बसायला सांगितले. आता मघाशी डावीकडून स्वच्छ वाजलेली घड्याळे मंदावली, कारण ती माझ्या उजवीकडे आली होती. स्पीकर ठीक होते. उणीव माझ्या कानात होती.

कान-नाक-घसा तज्ज्ञांनी कानातला मळ काढल्यावर थोडा फरक पडला. ऑडिओमेट्रीत मात्र उंच पट्टीचे आवाज दोन्ही कानांना, उजव्याला अधिक, कमी ऐकू येत असल्याचे दिसले. वयोमानाने आंतरकर्णातील सूक्ष्म संवेदी पेशी झिजतात आणि त्या पुन्हा निर्माण होत नाहीत. स, श, फ, थ यांसारखी व्यंजने उंच पट्टीत असल्यामुळे ती प्रथम निसटतात. शब्दाचा आवाज पोहोचतो, अर्थ पोहोचत नाही. ओळखीच्या गाण्यातली उणीव स्मरणशक्ती भरून काढते. नवी मांडणी तिला पाठ नव्हती, म्हणून माझी उणीव उघडी पडली.

घरी हे सांगितल्यावर पत्नी हसली. गेली दोन वर्षे फिरायला जाताना ती माझ्या डाव्या बाजूने चालत होती. उजवीकडून बोललेले मला कळत नाही, हे तिने केव्हाच ओळखले होते. मला वाईट वाटेल म्हणून ती गप्प राहिली होती.

म्हणून शुश्रूषा करणाऱ्यांना विनंती, असे सांभाळून घेऊ नका, सांगा. ओरडण्याऐवजी समोर येऊन, सावकाश, टीव्ही बंद करून बोला. एका कानाचे ऐकणे अचानक गेले, तर मळ असेल म्हणून थांबू नका. त्याच दिवशी तज्ज्ञांना दाखवा. आणि ज्येष्ठांनो, ‘सगळे पुटपुटतात’ असे वाटू लागले, तर आधी स्वतःचे कान तपासून घ्या. न ऐकू येणारा माणूस हळूहळू गप्पांतून उठतो, मग माणसांतून.

श्रवणयंत्राला सरावायला मला काही आठवडे लागले. आता पत्नी कोणत्याही बाजूने चालते.